तीन मिलीमीटर आत

“अहो, गॅस बंद केलात का?” वरच्या मजल्यावरून बायकोने विचारलं, आणि मायक्रॉनचं आयुष्यात पहिल्यांदा जे चुकायचं होतं ते नेमकं तेव्हा चुकलं.

मायक्रॉन हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. मिलीमीटरचे हजार तुकडे केले की त्यातला एक म्हणजे मायक्रॉन, आणि हा माणूस बाजारात काकडी घेतानासुद्धा डोळ्यांनी तिचा व्यास मोजायचा. तेव्हा लोकांनी दुसरं काय म्हणावं?

त्या सकाळी तो धातू कोरायच्या मिलिंग मशीनवर अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्याची कड शोधत होता. कड शोधायला मशीनला एक गोल कांडी लावतात. कांडी ठोकळ्याला टेकली की मशीनला सांगायचं, बाबा रे, इथून मोजायला सुरुवात कर. पण मशीनला कळतो तो कांडीचा मध्य, म्हणून कांडीचा अर्धा व्यास आपण आठवणीने मिळवायचा. या धंद्यात हे पहिल्याच दिवशी शिकवतात. मायक्रॉन ते जन्मभर दुसऱ्यांना शिकवत आला होता. जो विसरेल त्याला चारचौघांत विचारायचा, “अर्धा व्यास घरी ठेवून आलात का?”

“केला!” तो बायकोला ओरडून म्हणाला आणि मग विचार करत बसला, खरंच केला का? त्या विचारात अर्धा व्यास राहून गेला. स्टिअरिंगचा दांडा ज्या ब्रॅकेटमधून जायचा, त्याचं भोक तीन मिलीमीटर आत पडलं. आत म्हणजे गाडीच्या मध्याकडे.

आता गाडी कसली ते सांगतो. गावातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना स्पोर्ट्स कार हवी होती. दुकानातली नको. जगात तशी दुसरी असता कामा नये. पत्र्याचं अंग त्यांनी दुसरीकडून बनवून आणलं होतं, इंजिन एका जुन्या गाडीचं होतं, आणि या दोघांना जोडणारं सगळं काही मायक्रॉनच्या वर्कशॉपमध्ये नव्याने घडायचं होतं. बाई फारसं बोलल्या नव्हत्या. “दोन सीटची,” एवढंच म्हणाल्या. “आमच्या मिस्टरांना शेजारी बसायचं असतं.” हे म्हणताना त्यांचा आवाज, दाढ काढायचीच आहे असं सांगताना असतो तसा होता.

पण मायक्रॉनची खरी पंचाईत डॉक्टरीणबाईंची नव्हती. ती मेहुण्याची होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचा, हा खाली मशीनवर ते घडवायचा. ड्रॉइंग आणि चहा, दोन्ही एकाच ट्रेमधून बायको खाली आणायची. वर्कशॉपच्या दारावर पाटी होती, पण कोरी. कोणाचं नाव आधी लिहायचं यावर दोघांचं कधी जमलंच नाही. शेवटी बायकोने निकाल दिला होता, “या गाडीत ज्याच्या हातून चूक होणार नाही, त्याचं नाव आधी. आणि पुन्हा हा विषय माझ्या स्वयंपाकघरात नको.”

तेव्हापासून दोघं एकमेकांच्या चुकांवर टपून होते. मेहुणा तर खाली आला की आधी भंगाराच्या पिंपात डोकावायचा.

म्हणून तो ब्रॅकेट भंगारात टाकणं शक्य नव्हतं. मायक्रॉनने तो पुसला, उलटसुलट करून पाहिला आणि स्वतःची समजूत घातली. तीन मिलीमीटर म्हणजे काय, दोन बिस्किटांमधल्या क्रीमएवढं. दांड्याला खालून आधार देणारी प्लेटही त्याने तीन मिलीमीटर आत सरकवली. दांडा सरळ बसला. विषय संपला.

तो संपला नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रॉन ड्रिलची पाती आणायला बाहेर पडला आणि मेहुणा मापं घ्यायचा कॅलिपर घेऊन खाली उतरला. तीन मिलीमीटर! त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ताईला हाक मारायला त्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला आठवलं. मागच्या आठवड्यात कोपराला जागा हवी म्हणून त्याने स्वतःच स्टिअरिंग थोडं आत घेऊन पाहिलं होतं. ती फाइल ‘फायनल’ नावाने ठेवली होती. मग विचार बदलून दुसरी ‘नक्की फायनल’ नावाने. मग ‘हीच फायनल’. यातली छापून खाली कोणती गेली, हे देवालाच माहीत.

“म्हणजे चूक आपलीच,” तो स्वतःशी म्हणाला. “दाजींनी बिचाऱ्यांनी ड्रॉइंगप्रमाणे केलं.”

त्याने तोंड मिटलं, वर गेला आणि पुढचं ड्रॉइंग, म्हणजे पेडलचं, गुपचूप तीन मिलीमीटर आत घेतलं. ते ड्रॉइंग चहाबरोबर खाली आलं. मायक्रॉनला वाटलं, याला बिचाऱ्याला काय माहीत आपलं स्टिअरिंग कुठे गेलंय ते. त्याने त्यात आपले तीन मिळवले. पेडलं सहा मिलीमीटर आत गेली.

बसवून पाहतो तर पेडलं आणि स्टिअरिंग एका रेषेत नाहीत. मायक्रॉनला दरदरून घाम फुटला. आपण पुन्हा चुकलो! त्याने चष्मा पुसला, पेडलांना जुळेल असा स्टिअरिंगचा नवा ब्रॅकेट केला आणि जुना भंगारात न टाकता आपल्या बाजाराच्या पिशवीत लपवला. संध्याकाळी मेहुण्याने मोजलं. आता सगळंच सहा! त्याला वाटलं, आपल्या फाइलमध्ये आणखी एक चूक दडलीय. त्याने पुढचं ड्रॉइंग सहाने सरकवलं. मायक्रॉनने त्यात आपले सहा मिळवले.

मग काय, दर खेपेला आकडा दुप्पट. गिअरचा दांडा सरकला, डॅशबोर्डचा आडवा पाइप सरकला, सीटच्या पट्ट्या सरकल्या, आणि दर वेळी स्टिअरिंग आणि पेडलंही नव्याने जुळवावी लागली. दोघंही एकमेकांच्या नकळत गाडी सावरत होते आणि गाडी सावरली जाताजाता मध्याकडे निघाली होती.

आणखी एक फरक पडला. रोजची भांडणं थांबली. ज्याला लपवायचं असतं त्याला भांडण परवडत नाही.

“दाजी, पेडलं काय सुरेख झालीत!”

“छे छे, तुमचं ड्रॉइंगच सुरेख, मेहुणे.”

“नाही हं, हात तुमचा.”

“डोकं तुमचं.”

बायको ट्रे घेऊन जिन्यातच थांबली. “काय झालंय तुम्हाला? ताप आहे का दोघांना?”

“कुठे काय?” दोघं एकदम म्हणाले.

“काहीतरी नक्की जळतंय,” ती म्हणाली आणि वर जाऊन गॅस पाहून आली.

शेवटी ड्रायव्हरची सीट बसवायचा दिवस आला. बोल्ट फिरले. सीट बसली. स्टिअरिंग, पेडलं, सीट, सगळं कसं एका रेषेत. फक्त ती रेषा गाडीच्या बरोबर मधोमध होती. डावीकडे एक वीत, उजवीकडे एक वीत. त्या वीतभर जागेत दुसरी सीट सोडा, जेमतेम छत्री राहिली असती.

दोघांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“मस्त,” मायक्रॉन म्हणाला.

“फारच,” मेहुणा म्हणाला.

उरलेली सीट त्यांनी ताडपत्रीखाली झाकली. काय बोलणार? जो आधी बोलेल, त्याच्या नावाला पाटीवर पहिली जागा मिळणार नव्हती.

सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. मिस्टरही आले. ते खास हातमोजे घालून, डोक्याला टोपी चढवून आले होते. चालवायची बाईंनी होती, पण तयारी यांची. रस्त्याने येतानाच सांगत होते, “पहिल्या वळणाला दुसरा गिअर टाक. मी सांगेनच म्हणा.” बाईंच्या जुन्या गाडीत शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं यांनी पायाने नसलेला ब्रेक दाबून दाबून झिजवलं होतं.

बायको चहाचा ट्रे घेऊन खाली आली. बाई गाडीभोवती फिरल्या. आत वाकून पाहिलं.

“दुसरी सीट?” मिस्टरांनी विचारलं.

मायक्रॉन ताडपत्रीसमोर जाऊन उभा राहिला. मेहुण्याने हवेत हात फिरवला. “त्याचं असं आहे, वजनाचा तोल... म्हणजे ड्रायव्हर मधोमध असला की चारही चाकांवर...”

“म्हणजे शेजारी कोणी बसूच शकत नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही,” मायक्रॉन खाली मान घालून म्हणाला.

“नंतर बदल करून?”

“सगळंच मोडावं लागेल.”

“अजिबात नाही? अगदी लहान सीटसुद्धा?”

“नाही हो.”

बाईंनी एक दीर्घ श्वास घेतला. त्यांचे डोळे पाणावले होते. “इतकी सुंदर कल्पना,” त्या म्हणाल्या, “सुचली कोणाला?”

तशी मायक्रॉनने मान वर केली. “मला.”

“काय?” मेहुणा उसळला. “ड्रॉइंग कोणाचं? पेडलं आधी मी आत घेतली, दाजी!”

“पेडलं नंतरची! त्याच्याआधी स्टिअरिंग मी आत घेतलं!”

“ते माझ्या फाइलमुळे गेलं. चुकीची फाइल मीच पाठवली होती!”

“तुमची फाइल बरोबर होती! मी कांडीचा अर्धा व्यास विसरलो होतो!”

“ताई, खोटं बोलतायत हे. चूक माझी आहे!”

“माझी! पहिली चूक माझी!” मायक्रॉन छाती ठोकून ओरडला, आणि आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं.

बायकोने ट्रे खाली ठेवला. “म्हणजे कांडीचा अर्धा व्यास तुम्ही घरी ठेवून आला होतात,” ती नवऱ्याला म्हणाली. मग भावाकडे वळली, “आणि तुला तुझं स्वतःचं ड्रॉइंग ओळखू आलं नाही. झालं. पाटी काढून टाका आता, पोळपाटाखाली घालायला होईल मला.”

तिकडे डॉक्टरीणबाई कधीच आत बसल्या होत्या. गाडी गुरगुरली आणि निघाली. कोपऱ्यावरच्या वळणाला त्यांनी वेग जराही कमी केला नाही. फुटपाथवर उभ्या मिस्टरांचा उजवा पाय जोरात फरशीवर दाबला गेला. गाडी थांबली नाही. दिसेनाशी झाली.

मिस्टरांनी पाय सावकाश उचलला. मग त्यांनी हातमोजे काढले, टोपी काढली आणि आत आले.

“मलाही एक हवी,” ते म्हणाले. “अगदी अशीच. एक केसभरही फरक नको.”

आता हे दोघं रोज एकाच बाकावर बसतात. कोणाचं किती चुकलं होतं, कशात काय मिळवलं होतं, कधी कोणाला घाम फुटला होता, ते पुन्हा जुळवायचा प्रयत्न चालू आहे. ‘फायनल’च्या तिन्ही फाइली छापून झाल्या. बायको मध्येच वरून गॅसचंही विचारून पाहते.

काल मायक्रॉनने स्टिअरिंगच्या ब्रॅकेटला भोक पाडलं. कॅलिपर लावला, पुन्हा लावला, आणि स्टुलावर मटकन बसला.

“काय झालं, दाजी?”

“बरोबर आलं,” मायक्रॉन म्हणाला.

मेहुण्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “असू दे हो. होतं असं कधीकधी.”