तीन किलो शेवाळ

कँटीनवाल्या मावशींनी तीन किलो वाळलेलं समुद्री शेवाळ एकदम भिजत घातलं, ते काही वेडेपणानं नव्हे. तीस वर्षं त्यांनी पालेभाज्या शिजवल्या होत्या. टोपलीभर पाला पातेल्यात गेला की वाटीभर उरतो, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. ऑफिसात माणसं साठ. तीन किलो तरी हवंच, कमी पडलं तर नाक कापलं जायचं!

आणि आज नाक फार मोलाचं होतं. मोठ्या साहेबांना त्यांच्या डॉक्टरांनी शेवाळाचे गुण सांगितले होते. त्यात आयोडीन असतं, तंतू असतात, पोट साफ राहतं. तेव्हापासून साहेबांनी त्याचाच ध्यास घेतला होता. कँटीन मावशींकडे ठेवायचं की बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं, याचा फैसला आज एक वाजता होता. ऑफिसनं दोघांनाही शेवाळाचं तीन किलोचं एकेक पाकीट देऊन पदार्थ करून आणायला सांगितलं होतं. मावशी हरल्या तर त्याही घरी बसणार होत्या आणि भांडी घासणारी त्यांची नणंदही.

साडेदहाला नणंदबाई ओरडल्या, "वहिनी, पातेलं उतू चाललंय!"

"गॅस बारीक करा ना मग!"

"अहो, गॅसवर ठेवलंयच कुठे!"

मावशी धावल्या. हिरवंगार, बुळबुळीत शेवाळ झाकण उचलून ओट्यावर उतरत होतं. त्यांनी अर्धं बादलीत काढलं. बादली भरली. मग बेसिन भरलं, मग चहाचे ट्रे, मग कपडे भिजवायचा टब.

"वहिनी, हे जिवंत तर नाही ना?" नणंदबाई दोन पावलं मागे सरकल्या.

मावशींनी ऑफिसच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला.

"किती भिजवलंत?" बाईंनी विचारलं.

"सगळं."

बाई किंचाळल्याच. "मावशी, ते दहापट फुगतं! माणशी एक चमचा, तोही आठवड्यातून एकदा. दोन महिन्यांची बेगमी होती ती. आणि चांगलं आहे म्हणून वाट्या भरभरून वाढू नका हं. आयोडीन जास्त झालं तर तेही बाधतं."

झालं! मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण रडायला वेळ कुणाला होता? दोघींनी पदार्थापुरतं शेवाळ बाजूला ठेवलं आणि बाकीचं बादल्यांवर बादल्या रचून कोठीच्या खोलीत कोंबलं. दार बंद होईना, तेव्हा नणंदबाई त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. बाजूला ठेवलेल्या शेवाळात मावशींनी काकडी, लिंबू आणि भाजलेले तीळ घातले, आणि हात जोडले.

एक वाजता साहेब आणि आहारतज्ज्ञ बाई आल्या. कंत्राटदाराची खुर्ची रिकामीच होती. साहेबांनी चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"वा! वा मावशी! वाढा अजून."

"नाही साहेब."

"काय म्हणालात?"

"एकच चमचा. जास्त झालं की बाधतं. तुम्ही साहेब असाल, पण पोट सगळ्यांचं सारखंच."

साहेबांचे कान लाल झाले. दाराला टेकलेल्या नणंदबाईंनी ऍप्रनचा बोळा तोंडात कोंबला. त्यांच्या पाठीमागे तीस किलो शेवाळ होतं!

"बरोबर आहे त्यांचं," आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या.

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "या ऑफिसात मला तोंडावर नाही म्हणणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं, तेही माझ्याच तब्येतीसाठी. मावशी, कँटीन तुमचं!"

नणंदबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी दार सोडून टाळ्या वाजवल्या. मग काय विचारता! कोठीतल्या बादल्या धडाधड कोसळल्या आणि हिरवा लोंढा घसरत घसरत थेट साहेबांच्या बुटांपर्यंत आला.

"हे... हे काय आहे?"

मावशींनी पदराआड काही लपवलं नाही. ताठ मानेनं त्या म्हणाल्या, "बघा साहेब. कोठीत एवढं असूनही तुम्हाला एकच चमचा वाढला."

साहेब इतके हसले की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तेवढ्यात आहारतज्ज्ञ बाईंचा फोन वाजला. त्यांनी दोन वाक्यं ऐकली आणि तो मावशींच्या हातात दिला.

"कंत्राटदार बोलतोय. अगदी रडकुंडीला आलाय. त्यानंही अख्खं पाकीट भिजवलंय."

मावशींनी घसा खाकरला. सकाळपासून पहिल्यांदाच त्या खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

"हं, बोला भाऊ. किती वाजता घातलंत? बाराला? मग अजून वाढेल. घाबरू नका, माळ्याला बोलवा, झाडांना खत होतं म्हणे. आणि हे बघा, काही झालं तरी त्याला कोठीत कोंडू नका!"