आधी दाबा, मग वर टाका

माझ्यासमोर विनाकारण इंग्रजी शब्द वापरून कोणी सुखरूप घरी गेलेलं नाही. नायगावच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर, दाराशी खुर्ची टाकून मी चाळीस वर्षं मराठीची राखण करतोय. तिसऱ्या मजल्यावरची संघमित्रा महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवते. तिने एकदा माझ्यासमोर 'अपलोड' म्हटलं, तर मी तिला अर्धा तास उभं केलं होतं.

त्याच संघमित्राने आठवीच्या मुलांसाठी एक पुस्तिका लिहिली : दाब आणि फेक यांच्या पारिभाषिक शब्दांचे सोपे अर्थ. महापालिकेने निवडली तर जूनमध्ये तिच्या सगळ्या शाळांत जाणार होती. पाठवायचा शेवटचा दिवस शुक्रवार, संध्याकाळी पाचपर्यंत. तिला त्या दिवशी परीक्षेचं पर्यवेक्षण, मोबाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात. म्हणून पुस्तिका तिने माझ्या मोबाइलवर दिली आणि माझे डोळे ओळखून कागदावरही छापून दिली. "काका, शुद्धलेखन बघा आणि पाठवून द्या." कशी पाठवायची तेही दाखवलं. मी न बघता मान डोलावली.

शुक्रवारी सकाळी, मोबाइल कपाटात जाण्याआधी, तिचा निरोप आला : "काका, फाइल जड होतेय. आधी दाबा, मग पाचच्या आत वर टाका."

मी शब्द न् शब्द पाळला.

पुस्तिकेतच अर्थ दिला होता. 'संपीडन : वस्तू सर्व बाजूंनी दाबून तिचा आकार कमी करणे.' कागदांचा गठ्ठा मी भरलेल्या गॅस सिलिंडरखाली चार तास ठेवला. वर नायलॉनच्या दोरीने करकचून बांधला. पापडासारखा झाला होता!

आता वर टाकायचा. माझे गुडघे जिना चढत नाहीत हे पोरीने लक्षात ठेवलं, म्हणून मला भरून आलं. चार वाजता अंगणात जाऊन तिच्या आईला हाक मारली.

"कमळाबाई, झेला!"

"काय टाकताय, भाऊ?" त्या कठड्यावर ओली चादर वाळत घालत होत्या.

"तुमच्या लेकीचं पुस्तक."

"मग जिन्याने आणा की."

पण तोवर मी पान बारा वाचलं होतं : सर्वांत लांब फेकायचं तर पंचेचाळीस अंशांत. मी अंश चोख साधला. मला लांब नाही, उंच फेकायचं होतं, हे गठ्ठा हातातून सुटल्यावर लक्षात आलं. कमळाबाईंना वळसा घालून तो फाटकाबाहेर, शेजारच्या रिकाम्या चाळीची दारं-खिडक्या भरलेल्या टेम्पोत पडला. टेम्पो रे रोडच्या लाकडाच्या वखारीकडे निघाला.

टॅक्सीने मागोमाग गेलो. तोवर वखारीत दारं उतरवून रचली होती. अठ्ठावीस उचलवून घेतली, तेव्हा एकोणतिसाव्याखाली गठ्ठा सापडला. विजयी मुद्रेने घरी परतलो, तर सहा वाजून गेले होते. संघमित्रा फाटकातच उभी होती.

"काका, टाकली का वर?"

"टाकली. पडली. पण शोधून आणली."

तिने दोरीकडे बघितलं. माझ्या हातातला मोबाइल घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि परत दिला. पाचलाच सगळं बंद झालं होतं.

"मोबाइलवरची, काका. लहान करून चढवायची होती." ती चिडली असती तर बरं झालं असतं. "साधं कॉम्प्रेस, अपलोड लिहिणार होते. मग म्हटलं, तुम्हाला आवडत नाही."

आता पुढच्या वर्षी. म्हणजे येत्या जूनची आठवी त्या अर्थांवाचून जाणार, आणि ते माझ्या मराठीपायी. दोन दिवस मी खुर्ची बाहेर काढली नाही.

रविवारी संघमित्राचा निरोप आला : "अंकल, मॉमने मटन कुक केलंय. लंचला या. थर्ड फ्लोअर. स्टेअरकेसने."

एकही चूक न काढता, गुडघे धरून चढलो.