तिंबू नेमका कोण होता

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचं एकाच पुस्तकावर प्रेम होतं. ज्यांनी ते वाचलं नव्हतं, त्यांचं जरा जास्तच होतं.

पुस्तक लिहिलं होतं कमठाआजींनी. कमठाआजी म्हणजे तळ्याकाठची म्हातारी कासवीण. त्यांनी ते सागाच्या पानांवर लिहिलं, सावकाश, आणि लिहून झाल्यावर इतक्या दमल्या की कवचात शिरून झोपून गेल्या.

गोष्ट अशी होती. एक डोंगर चंद्र गिळतो. सगळं जंगल काळोखात बुडतं. मग तिंबू नावाचा एक लहानसा जीव डोंगराच्या पोटात शिरतो आणि चंद्र परत आणतो. तिंबू शूर नसतो. डोंगराच्या तोंडाशी पोचल्यावर तो इतका घाबरतो की अंगाचं मुटकुळं करून पडून राहतो. बराच वेळ. मग हळूच उलगडतो आणि आत जातो.

जंगलातलं प्रत्येक पिल्लू ही गोष्ट ऐकत झोपायचं. मोठी झालेली पिल्लंसुद्धा एकटी असली की ती आठवायची.

अशा त्या जंगलात धनेश परत आला.

धनेश मोठ्या चोचीचा तरुण पक्षी होता. तो दूर बर्फाच्या जंगलात शिकायला गेला होता. तिथे तो पडद्यावर गोष्टी दाखवायला शिकला. दोन झाडांमध्ये कोळ्यांकडून पडदा विणून घ्यायचा, समोर काजवे बसवायचे, आणि त्यांच्या उजेडात पडद्यापुढे गोष्ट जिवंत करायची. परत येताना त्याच्या मनात एकच ध्यास होता. आपल्या जंगलातली गोष्ट, आपल्या जंगलात.

"मी तिंबूची गोष्ट करणार," त्यानं जाहीर केलं. "मूळ पुस्तकाशी संपूर्ण निष्ठा ठेवून. एक अक्षरही इकडचं तिकडे होणार नाही."

सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून सगळे ताबडतोब भांडायला बसले.

"तिंबूचं काम आमच्या पिल्लाला द्यायचं," शेकरूबाई फांदीवरून म्हणाल्या. त्या तिंबूनिष्ठ वाचक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. मंडळ त्यांनी त्याच सकाळी स्थापन केलं होतं. "तिंबूची शेपूट झुबकेदार होती."

"कोणत्या पानावर आहे ते?" धनेशनं विचारलं.

"पान आठवत नाही. शेपूट स्पष्ट आठवते."

"शेपूट कसली," साळींदरबाई म्हणाल्या. "काटे होते त्याला. मी रोज सांगते की आमच्या बाळाला."

"शिंगं," गवा म्हणाला. तो कमी बोलायचा.

"गवोबा, तिंबू लहानसा होता," धनेश नम्रपणे म्हणाला.

"लहानसा म्हणजे केवढा, ते लिहिलेलं नाही," गवा म्हणाला.

आणि खरंच लिहिलेलं नव्हतं, मुलांनो. धनेशनं घरी जाऊन सगळी पानं पुन्हा चाळली. तिंबू लहानसा होता. त्याचं नाक थंड असायचं. तो काळोखाला भ्यायचा आणि भ्याला की मुटकुळं करायचा. बास. तिंबू कोण प्राणी होता, हे आजींनी कुठेही सांगितलं नव्हतं.

बर्फाच्या जंगलात धनेशला निष्ठेबद्दल पुष्कळ शिकवलं होतं. पण जे लिहिलेलंच नाही त्याच्याशी निष्ठा कशी ठेवायची, तो धडा त्या वर्षी गळाला होता.

दुसऱ्या दिवशी वाघोबांचा निरोप आला, तिंबूचं काम आमच्या भाच्याला द्यावं. पडदा लागणार होता ते मैदान त्यांचं होतं आणि भाचाही त्यांचा होता. भाचा देखणा होता. तो नुसता चालला तरी हरणं थबकून बघायची आणि मग पळायची.

"फक्त एक प्रसंग करून दाखवा," धनेश मैदानात भाच्याला म्हणाला. "डोंगराच्या तोंडाशी तिंबू घाबरतो, तो."

भाच्यानं डोळे बारीक केले. मग उघडले. मग आयाळ नसताना ती झटकली.

"घाबरायचं म्हणजे नक्की काय करायचं?" त्यानं विचारलं.

धनेशनं त्याचे आभार मानले.

त्याच्यानंतर एक लहानशी आकृती पुढे आली. ती खवली होती. खवली म्हणजे खवल्या मांजराची मुलगी. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, आणि कुणी मोठ्यानं शिंकलं तरी ती स्वतःभोवती गुंडाळून गोळा व्हायची. त्यामुळे जंगलातल्या बहुतेकांनी तिचं तोंड पाहिलेलंच नव्हतं.

खवलीची आई तिला शेपटीवर बसवून फिरायची आणि फिरता फिरता गोष्ट सांगायची. "तिंबू आपल्यातलाच होता बरं का," ती म्हणायची. "दुसरं कोण असं मुटकुळं करतं?" गेल्या उन्हाळ्यात आई वाळवी शोधायला गेली ती परत आली नाही. तिनं मागे ठेवलेलं एवढं एकच वाक्य खवलीपाशी होतं. दुसऱ्या कुणाचं पिल्लू तिंबू झालं असतं, तर ते वाक्य खोटं ठरलं असतं.

खवलीनं काही सांगितलं नाही. तिनं मुटकुळं केलं.

मैदानातले सगळे पुढे झुकले. ती नुसता गोळा होऊन पडली होती, पण त्या गोळ्याला भीती वाटते आहे हे लांबूनही कळत होतं. बराच वेळ गेला. मग गोळा हळूच उलगडला, आणि थंड नाकाचं टोक बाहेर आलं.

"हीच," धनेश म्हणाला.

"ही?" शेकरूबाईंची शेपूट फुलली. "अहो, तिंबूला पाहून मुलं मायेनं जवळ गेली पाहिजेत. हिला पाहून सुकलेला फणस आठवतो."

"पण काम बघा ना तिचं."

"कामाचं कौतुक आहेच. प्रश्न निष्ठेचा आहे."

"दात नसलेला तिंबू आम्ही बघणार नाही," साळींदरबाई म्हणाल्या.

"पुस्तकात दातांचा उल्लेख नाही," धनेश म्हणाला.

"म्हणजे होतेच. नसते तर लिहिलं असतं."

मंडळानं ठराव केला. तिंबू खवल्यांचा दाखवला तर पडद्यावर बहिष्कार. कुणीतरी म्हणालं, आपण भांडतो कशाला, लेखिका अजून आहे ना. सगळे मिरवणुकीनं तळ्याकाठी गेले आणि कवचावर टकटक केलं.

कमठाआजींनी मान बाहेर काढली. त्यांना उठायला दुपार लागली.

"आजी," धनेश वाकून म्हणाला, "तुम्हीच सांगा. तिंबू कोण होता?"

"कासव," आजी म्हणाल्या.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"अरे, मी कासव. माझ्या डोक्यात दुसरं कोण येणार?"

शेकरूबाई आजींच्या जवळ सरकल्या आणि आजारी माणसाशी बोलतात तशा बोलल्या. "आजी, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. तिंबू झाडावर चढतो."

"चढतो का?" आजींनी विचारलं.

"वडाच्या प्रसंगात. सरसर चढतो."

"मग तेवढं माझ्याकडून चुकून गेलं असेल."

"चुकून कसं जाईल? आमचा सगळ्यात आवडता प्रसंग आहे तो."

मंडळानं तिथल्या तिथे दुसरा ठराव केला. लेखिकेला पुस्तक नीट समजलेलं नाही, तरी त्यांनी ते एकदा काळजीपूर्वक वाचावं. आजींना हे पटलं. त्यांनी पानं मागून घेतली आणि वाचायला सुरुवात केली. "बरं लिहिलंय की," त्या मधूनच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी धनेश रिकाम्या पडद्यासमोर बसला होता. चोच जमिनीला टेकली होती.

"मी परत जातो," तो म्हणाला. "तिकडे निदान पुस्तकं कुणी वाचत नाही. सुखानं काम करता येतं."

"धनेशदादा," मागून आवाज आला. खवली होती. "माझं तोंड दाखवलं नाही तर चालेल का?"

"तोंड दाखवलं नाही तर तिंबू दिसणार कसा?"

"मला दिसायचं नाहीये. मला फक्त ते मुटकुळं करायचंय. सगळ्यांसमोर, एकदा."

धनेशनं पडद्याकडे पाहिलं. पलीकडून एक चुकार काजवा चालला होता. त्याच्या उजेडात पडद्यावर एका कोळ्याची सावली पडली. कोळी बोराएवढा होता. सावली हत्तीएवढी होती, आणि ती कोळ्याचीच आहे असं शपथेवर कुणाला सांगता आलं नसतं.

बर्फाच्या जंगलात उजेड नेहमी समोरून पाडायचा असं शिकवलं होतं. धनेश उठला आणि त्यानं सगळ्या काजव्यांना पडद्यामागे यायला सांगितलं.

"खवली, पण एक अट आहे," तो म्हणाला. "तिंबू तू होतीस, हे मग कुणालाच कळणार नाही. सांगताही यायचं नाही. सांगितलं की पुन्हा भांडण."

खवलीनं विचार केला. ती गोळा न होता विचार करत होती, हे धनेशनं पहिल्यांदाच पाहिलं.

"म्हणजे आई खोटं सांगत होती, असंही कुणाला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "चालेल."

गोष्टीच्या दिवशी सगळं जंगल आलं. बहिष्कार घालणारे लवकर आले होते, जागा धरायला. कमठाआजी पहिल्या रांगेत होत्या. त्या तिथे पोचाव्यात म्हणून त्यांना आधीच निघायला सांगितलं होतं.

काजवे पेटले. पडद्यावर डोंगर उभा राहिला. चंद्र दिसेनासा झाला. आणि एक लहानशी सावली चालत आली, थांबली आणि तिनं मुटकुळं केलं.

खवल्यांच्या कडा सावलीत कुणाला केसांसारख्या दिसत होत्या, कुणाला पिसांसारख्या, कुणाला काट्यांसारख्या. गव्याला त्यात शिंगं दिसली, आणि इतका मोठा गवा फुंदायला लागला. बराच वेळ ती सावली तशीच राहिली. मग ती हळूच उलगडली आणि डोंगरात गेली. पुष्कळ मोठ्या प्राण्यांनी त्या वेळी शेजारच्याचा पंजा धरला होता. नंतर त्यांनी ते नाकारलं.

गोष्ट संपल्यावर मैदानात एकच गलका झाला.

"झुबका बघितलात ना?" शेकरूबाई सगळ्यांना विचारत होत्या. "शेवटी मंडळाचं ऐकावंच लागलं."

कमठाआजींनी धनेशला जवळ बोलावलं. "कवच छान जमलंय हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण कुणाला बोलू नकोस. त्यांना वाईट वाटेल."

वाघोबांचा भाचा हरणांना सांगत होता की या भूमिकेसाठी त्याला वजन बरंच उतरवावं लागलं. आणि ज्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं ते म्हणत होते, चांगलं झालं, पण पुस्तकाची सर नाही.

खवली पडद्यामागून बाहेर आली आणि गर्दीच्या कडेनं निघाली. साळींदरबाईंचं बाळ तिच्या वाटेत उभं होतं. त्याचे डोळे अजून मोठेच होते.

"तू बघितलंस का?" त्यानं विचारलं.

"मागून बघितलं."

"मागून काय दिसणार. मी पुढून बघितलं. तिंबू साळींदर होता. आई सांगते ना, अगदी तसाच."

खवली थांबली. पलीकडे साळींदरबाई त्याला हाका मारत होत्या.

"रोज सांगते तुझी आई?"

"रोज. झोपताना."

"मग खरंच असणार," खवली म्हणाली.

बाळाला तिची दया आली. ते मनानं चांगलं होतं. "तुमच्यातला कुणी तिंबू झाला असता तर तुलापण मजा आली असती," ते म्हणालं. "पण तुम्हाला काटे नाहीत ना."

"नाहीत खरं," खवली म्हणाली, आणि काळोखातून घरी गेली. वाटेत कुणीतरी मोठ्यानं शिंकलं. ती चालत राहिली.

तात्पर्य : भूमिका कुणालाही द्यावी, फक्त उजेड मागून पाडावा. आणि लेखिकेला पहिल्या रांगेत जरूर बसवावं, पण पुस्तकातलं काही विचारू नये. तिनं ते फक्त लिहिलेलं असतं.