दोनदा ‘या’

कळसाडीच्या बेबीबाईंच्या दारातून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही. पोस्टमनसुद्धा! त्यामुळे मुलाकडे, राजेंद्रकडे, तीन महिने जर्मनीला निघताना त्यांनी शेजारच्या रुपाला छातीठोकपणे सांगितलं, “भाषा नही येस ते काय व्हयनं? जेवणनं इचारं का मानूस आपला व्हस!”

राजेंद्रने पोचल्या पोचल्या बजावलं, “माय, खाले घरमालकीन ऱ्हास, हेल्गाबाई. तिना नादे लागू नको. ह्याच महिनामा घरना करार वाढाडना शे.”

नादी लागतंय कोण! पण संध्याकाळी सहाला जिन्यात गाठ पडली, तर माणसाने विचारायचंही नाही? “जेवण व्हयनं का?” बेबीबाईंनी हाताने घास करून दाखवला.

हेल्गाबाई मान डोलावत म्हणाल्या, “या, या!”

एकदा नाही, दोनदा! एवढा मान कोण नाकारेल? बेबीबाई चपला काढून थेट आत गेल्या आणि टेबलाशी बसल्या. हेल्गाबाई जरा वेळ बघतच राहिल्या. मग त्यांनी ताट मांडलं. ताटात काय? थंड पाव, थंड चीज आणि काकडीच्या चार चकत्या! शेगडी पेटलेलीच नव्हती.

बेबीबाईंचा संताप संताप झाला. अन्नाला नावं ठेवायची नाहीत म्हणून गिळलं, पण घरी येताच फोन लावला. “रुपा, आग लागो ह्या रीतले! घरमा बलावस आनी थंडा पाव वाढस! आपला गावमा कुत्राले टाकतस, तेबी गरम ऱ्हास!”

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा “या, या!” असे आठ दिवस गेले. राजेंद्र सातला कामावरून यायचा, त्याला पत्ताच नाही.

नवव्या दिवशी दारात चिठ्ठी सापडली. ती वाचून राजेंद्र पांढराफटक पडला. “माय, तू खाले जेवाले जास?”

“ती बलावस! दोन दोन दाव ‘या’ म्हनस!”

“माय, इकडे ‘या’ म्हणजे ‘हो’!”

मग राजेंद्रने चिठ्ठीचा अर्थ सांगितला: ‘तुमच्या आई रोज भुकेल्या माझ्या दाराशी येतात. तुम्ही त्यांना जेवायला देत नाही का? उत्तर द्या, मग कराराचं बघू.’

“मी? उपाशी? कळसाडीनी बेबीबाई?” कान लाल झाले, डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्याच संध्याकाळी त्यांनी वांग्याचं भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या आणि हेल्गाबाईंना हाताला धरून वर आणलं. दोन भाकरींनंतर हेल्गाबाईंनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. “नाईन, नाईन!”

“हाई समजी गयं! ‘नही, नही’ ना? पाव्हनं पहिले असंच म्हनस!” आणि तिसरी भाकर पडली.

करार दोन वर्षांसाठी वाढला. आनंदाने की धास्तीने, हे विचारायची राजेंद्रची हिंमत झाली नाही.

बेबीबाई आता कळसाडीत परतल्या आहेत. पण कुणी दारातून “या, या” म्हटलं, की त्या ओट्याखालीच थांबतात आणि डोळे वटारून विचारतात, “बलाई ऱ्हायनी का नुसतं ‘हो’ म्हनी ऱ्हायनी?”