ताजी वीज

नवीन स्कूटर घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. तिच्या पुढच्या खणात मोबाइल चार्ज करायचं सॉकेट होतं, आणि खरं सांगायचं तर मी ती त्या सॉकेटसाठीच घेतली होती. मायलेज, ब्रेक असलं काही विचारायचं असतं, हे शोरूमच्या बाहेर आल्यावर बायकोने सांगितलं.

त्या रविवारी मिक्सरचं भांडं दुरुस्त करायला जामबागला गेलो. फोन सॉकेटला लावला. किल्ली चालू असल्याशिवाय सॉकेट चालत नाही, म्हणून किल्ली चालूच ठेवली. फोन चोरीला जाऊ नये म्हणून खणाचं झाकण मात्र नीट लावलं. किल्ली लटकती ठेवून फोनची काळजी करणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत दुसरा नसावा. मिक्सरवाला भांड्यापेक्षा बोलण्यातच जास्त वेळ घालवणारा होता. परत आलो तर स्कूटर जागेवर, किल्ली जागेवर, फोन जागेवर. फोन काठोकाठ भरलेला, आणि स्कूटरची बॅटरी ठणठणीत रिकामी. बटण दाबलं की नुसतं 'टक्' व्हायचं. किक तर या स्कूटरला नव्हतीच.

एका हातात भांडं आणि दोन्ही हातांनी स्कूटर, अशा अवस्थेत मी ढकलत निघालो होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "बंद गाडीतून वीज काढली ना?"

हे आमच्या वरच्या मजल्यावरचे उमरीकर सर. नारायणगुड्याच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी मला गाडीवर बसवलं, मागून आपल्या स्कूटरवरून माझ्या गाडीला पाय लावला, आणि तसं ढकलत घरापर्यंत आणलं. सत्तरीचा माणूस एका पायाने मला नेतोय आणि मी मांडीत मिक्सरचं भांडं घेऊन बसलोय, हे दृश्य ओळखीच्या किती लोकांनी पाहिलं ते मी मोजलं नाही. वाटभर मागून शिकवणी चालू होती.

"गाडी चालू ठेवूनच काढायची राजाभाऊ. चालत्या गाडीची वीज ताजी असते. विज्ञान आहे, गंमत नाही."

ही ताजी वीज म्हणजे उमरीकर सरांचं सगळ्यांना पाठ झालेलं प्रकरण. घरात सॉकेट असताना हा माणूस सगळं काही स्कूटरवर चार्ज करायचा. मोबाइल, दाढीचं मशीन, टॉर्च, आणि रोज न चुकता त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कानातल्या यंत्राची डबी; रात्री यंत्र तिच्यात ठेवलं की चार्ज व्हायचं. काकूंना त्या यंत्राशिवाय काहीच ऐकू येत नाही. ते एक दिवस चार्ज झालं नाही की दुसरा दिवस त्यांच्यासाठी मुका.

"भिंतीतली वीज कुठून येते?" सर विचारायचे. कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगायचे. "शेकडो कोस तारांवरून. येईपर्यंत शिळी होते. शिळं आपण खाल्लं तर चालतं, पण यंत्राचा जीव नाजूक. त्याला ताजीच पाहिजे."

विज्ञानाच्या मास्तराने असं बोलावं, याचं आम्हाला फार हसू यायचं. पोरंसोरं मुद्दाम विचारायची, "सर, आमच्या फोनला शिळी चालेल का?" सर गंभीरपणे फोन हातात घेऊन उलटसुलट बघायचे आणि म्हणायचे, "याला चालेल. हा हलक्या जातीचा आहे."

पूर्वी ते संध्याकाळी स्कूटरवर एक चक्कर मारायचे. डबी खणात ठेवून नामपल्लीच्या स्टेशनापर्यंत जायचं, तिथे उतरायचं नाही, गाड्यांच्या वेळा लावलेल्या असतात तिकडे एक नजर टाकायची आणि परत फिरायचं. परत येईपर्यंत डबीवरचा दिवा हिरवा झालेला असायचा. तो मला दाखवून म्हणायचे, "बघा. ताजी."

मग चक्कर लहान झाली. आधी कोठीपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलापर्यंत. या पावसाळ्यानंतर तर सर कुठे जाईनासेच झाले. स्वयंपाकाची बाई संध्याकाळी आली की खाली उतरायचे, पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडवर लावायचे, इंजिन चालू करायचे आणि सीटवर नुसते बसून राहायचे. हेल्मेट घालून. तासभर.

आमचा वॉचमन यादय्या मला हळूच म्हणाला, "सार, स्कूटर-बंडी चालू, सार गप्प. कायकू ते समजत नाही."

धूर मात्र सगळ्यांना समजत होता. पहिल्या मजल्यावरच्या रावगारूंची बाल्कनी बरोबर त्या स्कूटरच्या वर. कमिटीच्या बैठकीत त्यांनी विषय काढला.

"रोज शाम को धुआँ सीधा हमारे हॉल में आता. हमारी अम्मा को दमा है. अंकल अच्छे आदमी हैं, मगर ये ताजी करंट का क्या तमाशा है?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. ठराव झाला की पार्किंगमध्ये उभ्या गाडीचं इंजिन कोणी चालू ठेवायचं नाही. सेक्रेटरी मी आहे. ज्या बैठकीत मला निवडलं, तिला मी गैरहजर होतो.

"आप बोलो," रावगारू म्हणाले. "आपके मराठीवाले हैं."

मी दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्येच सरांना गाठलं. हेल्मेटची काच वर करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नक्को राजाभाऊ," ते म्हणाले. "एवढं नक्को."

"सर, अम्मांना दमा आहे. घरात सॉकेट आहेत की. आज त्यावर लावून बघा."

"शिळी वीज."

"सर, तुम्हीच वीज शिळी म्हणता? तुम्ही तर मास्तर."

त्यांनी खणातली डबी काढली, दिवा बघितला, पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "यंत्र बंद पडलं की तिला माझा आवाज ऐकू येत नाही. आवाज नाही आला तर ती मला ओळखायला वेळ लावते. मग घाबरते. ते बघवत नाही हो."

मला त्यातलं अर्धंच कळलं. यंत्र चार्ज व्हायला पाहिजे, इंजिन बंद व्हायला पाहिजे, आणि तोडगा काढणं हे सेक्रेटरीचं काम आहे, एवढा विचार करून मी घरी आलो. दोन दिवसांनी सकाळी तोडगा घेऊन त्यांच्याकडे वर गेलो. चांगलं लांब वायरीचं एक्स्टेन्शन विकत आणलं होतं.

काकूंनी दार उघडलं. कानात यंत्र होतं, नेसणं व्यवस्थित, चेहऱ्यावर हसू. "या, या. बसा. आम्ही निघतोच आहोत," म्हणाल्या. मी बसलो. डोक्यावरचा पंखा थांबला. मला वाटलं करंट गेला. तेवढ्यात सर आतून आले, बटण दाबलं, पंखा फिरायला लागला.

काकू बटणापाशीच उभ्या होत्या. त्यांनी टीव्हीचं बटण बंद केलं, मग फ्रिजचं, मग ट्यूबलाइटचं. चिडून नाही, घाईने नाही. गावाला निघताना घर बंद करतो, तसं एकेक खोली बघत. सर त्यांच्या मागून चालत होते. आधी फ्रिज, मग ट्यूब. पुढे त्या बंद करत होत्या, मागे हे चालू करत होते, आणि दोघांमध्ये एका हाताचं अंतर होतं.

"उमरीची बस आहे," काकू मला म्हणाल्या. "बंद नाही केलं तर जळून जाईल सगळं. यांना कळत नाही."

"हौ, निघायचंच आहे," सर म्हणाले. "पाव्हणे आलेत ना, चहा घेऊन निघू."

काकू चहा करायला म्हणून आत गेल्या आणि देवासमोर जाऊन बसल्या. माझ्या हातातलं एक्स्टेन्शन सरांनी बघितलं.

"असलं मी पण आणलं होतं," ते म्हणाले. "कपाटामागे लपवलं. तिने शोधून काढलं. बटणांवर चिकटपट्टी लावली, ती नखाने काढत बसली, बोट सोललं. मग मी ठरवलं, खालीच बरं. आधी चक्कर मारून यायचो. आता बाई स्वयंपाक करते तेवढ्या वेळात पण लांब जायला जीव होत नाही."

"सर, हे आधी सांगायचं ना आम्हाला. लोक तुम्हाला हसतात."

"हसू द्या ना. मास्तर येडा झाला म्हणतात, तरी चहाला येतात. हिला तसं म्हणायला लागले तर कोण येणार?"

आत देवासमोरचा दिवा विझल्याचा वास आला. सर उठले, काडेपेटी घेऊन गेले, परत आले.

मी म्हटलं, "डबी रोज आमच्याकडे पाठवा. आमच्या सॉकेटला लावतो, रात्री आणून देतो. कोणाला काही सांगणार नाही. स्कूटर चालू करायला नको, धूर नको, तुम्हाला खाली बसायला नको."

सरांनी हातातली काडेपेटी टेबलावर ठेवली. मग खिशातून ती डबी काढून माझ्या हातात दिली. आभार मानले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझे आभार मानले, आणि ते मला का कोण जाणे गोड लागले नाहीत.

"तुमच्याकडची पण शिळीच," एवढं दारापाशी म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

घरी आलो. ही कणीक मळत होती. मी ओट्याजवळच्या सॉकेटला डबी लावली, लाल दिवा लागला, आणि हिला सगळं सांगितलं. काकूंचं, बस पकडायचं, मागून बटणं लावत फिरणाऱ्या सरांचं. आणि शेवटी माझा तोडगा. कमिटी खूश, अम्मांना धूर नाही, काकूंचं यंत्र रोज तयार, सरांचे कष्ट वाचले. एखादं काम चोख झालं की मी जरा जास्तच बोलतो.

हिचे हात परातीत तसेच थांबले.

"अहो, तो माणूस दिवसभर एकेक गोष्ट चालू करतो आणि मागे वळून बघेपर्यंत ती बंद झालेली असते," ती म्हणाली. "त्यांनी चालू केलेलं काहीतरी तासभर चालू राहायचं, ते एवढं खाली पार्किंगमध्ये. तेही तुम्ही बंद करून आलात?"