टिटवीचा पासवर्ड

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. जंगलात कॉम्प्युटर कुठून आला, असं विचारू नका. सिंहाच्या गुहेत लाईट होती का, तेही विचारू नका. विचारत बसलात तर गोष्ट राहील बाजूला आणि दूध होईल गार.

तर त्या जंगलात एक टिटवी राहत होती. टिटवी तुम्हाला माहीतच आहे. आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून ती पाय वर करून झोपते. सगळं जंगल तिला हसायचं. टिटवा, म्हणजे तिचा नवरा, तोसुद्धा म्हणायचा, "अगं, एवढं आभाळ तुझ्या दोन काड्यांवर राहणार आहे का?"

ती म्हणायची, "आजवर पडलंय का? मग!"

या टिटवीला चार अंडी झाली. टिटव्या काही घरटं बांधत नाहीत. उघड्या माळावर, चार खड्यांत अंडी ठेवतात. उघड्यावरची अंडी म्हणजे जिवाला घोर. त्यात सिंहमहाराजांचा नवा कायदा. ज्या अंड्याची नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याला कुणी हात लावायचा नाही. रोज सूर्य मावळताना यादी बघायची. यादीत नसेल ते अंडं बेवारस. बेवारस अंडं सरकारजमा.

आणि अंड्यांच्या नोंदीवर कुणाला बसवलं होतं? घोरपडबाईला. का, तर अंड्यांचा अनुभव जंगलात तिच्याइतका कुणालाच नव्हता.

नोंद करताना घोरपडबाईने विचारलं होतं, "फाईल कुठे ठेवू? आत कप्प्यात, की समोर पडद्यावर?"

"समोरच ठेवा हो बाई," टिटवी म्हणाली. "डोळ्यासमोर असली की जीव थाऱ्यावर राहतो."

मग रोज ती गुहेच्या दारातून डोकावायची. आहे ना? आहे. की परत माळावर.

एके दिवशी काय झालं, कॉम्प्युटर मंद झाला. महाराजांनी सकाळी स्वतःचा फोटो बघायला घेतला, तर बराच वेळ नुसती आयाळच दिसत राहिली. महाराजांनी डरकाळी फोडून बघितली. कॉम्प्युटर काही घाबरला नाही.

"दुरुस्त करा," महाराज म्हणाले, आणि एक हरीण खाऊन झोपायला गेले.

सुतारपक्ष्याला बोलावलं. तो नदीपलीकडे तीन महिन्यांचा कोर्स करून आला होता. त्याने डब्यावर चोचीने टकटक केलं, मान वाकडी करून ऐकलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल."

मुलांनो, हे लक्षात ठेवा. पडदा काळा पडलेला असो, आवाज येत नसो, की बटणाखाली मुंगी अडकलेली असो, सुतारपक्षी हेच म्हणतो.

"म्हणजे काय करणार भाऊ?" टिटवीने दारातून विचारलं.

"सगळं पुसायचं वहिनी, आणि पहिल्यापासून नवं टाकायचं. कप्प्यातलं राहतं. समोर पडद्यावरचं जातं."

टिटवी ओरडली, "अहो, माझी फाईल समोरच आहे!"

सुतारपक्ष्याने घोरपडबाईला विचारलं, "काही काढून ठेवायचंय का बाई?"

"काही नाही. मारा," घोरपडबाई म्हणाली, आणि जीभ बाहेर काढून आत घेतली.

"थांबा! चार अंडी आहेत त्यात!"

टक.

"नक्की ना, असं विचारत होतं ते," सुतारपक्षी म्हणाला. "पण आम्ही वाचत नाही. हो दाबायची सवय लागलीय."

पडदा निळा झाला. पांढरे ठिपके गोल गोल फिरायला लागले. टिटवीचं डोकंही त्यांच्याबरोबर फिरायला लागलं.

"मग आता परत लिहून घ्या की बाई!"

"घेईन ना," घोरपडबाई म्हणाली. "पण अंड्यांचा प्रोग्राम सगळ्यात शेवटी. आधी महाराजांचा फोटो. मग महाराजांचा पत्त्यांचा खेळ. मग डरकाळीचा आवाज. तू उद्या सकाळी ये."

"पण यादी तर आज संध्याकाळी बघणार!"

"कायदा मी केलाय का?" असं म्हणून घोरपडबाई दगडावर ऊन खात पडली. माळाच्या वाटेवरच्या दगडावर बरं का.

टिटवी जागची हलली नाही. टिटवा अंड्यांवर बसला होता, ही दारात. दहा टक्के. तीस टक्के. टक्के वर, सूर्य खाली. नव्याण्णववर येऊन जे थांबलं ते थांबलंच. टिटवीने सगळे देव पाण्यात घातले.

शेवटी एकदाची पडद्यावर अक्षरं आली.

"मालकाचं नाव विचारतंय," सुतारपक्षी म्हणाला. "महाराजांना उठवा."

"जेवून झोपलेल्या सिंहाला कोण उठवणार? तुम्ही जा ना भाऊ."

"मी? मला पोरंबाळं आहेत वहिनी."

"मलाही आहेत! अजून आहेत! तुमचंच नाव टाका आणि पुढे चला."

"आणि उद्या महाराजांनी विचारलं म्हणजे? नको बाई. पण नाव टाकल्याशिवाय हे पुढे सरकत नाही."

टिटवीने वळून बघितलं. घोरपडबाई दगडावरून उठली होती आणि टोपली झटकत होती.

"माझं टाका!" टिटवी किंचाळली. "नंतर बदलता येतं ना?"

"येतं की. परत फॉरमॅट मारला की."

टक टक टक. मालक : टिटवी. मग सुतारपक्ष्याने मान फिरवली. "पासवर्ड टाका. मी बघत नाही."

घाईत तोंडात आलं ते तिने टाकलं.

तेवढ्यात महाराज जांभया देत आले. मागोमाग टोपली घेऊन घोरपडबाई. "महाराज, यादीत एकही अंडं नाही. माळावर चार बेवारस पडलीत. उचलू ना?"

"आधी माझा फोटो," म्हणत महाराज खुर्चीत बसले.

पडद्यावर टिटवीचं नाव, आणि खाली पासवर्डची मोकळी चौकट. महाराजांनी 'राजा' टाकलं. चूक. 'वनराज'. चूक. 'राजा१२३'. चूक.

"आणखी एकदा चुकलात तर सगळं पुसून पहिल्यापासून," सुतारपक्षी हळूच म्हणाला.

"परत ते ठिपके?" महाराजांची आयाळ खाली बसली. मग इतक्या मऊ आवाजात बोलले की ऐकणाऱ्याला वाटावं, मांजर बोलतंय. "टिटवीताई, पासवर्ड काय हो?"

 टिटवी म्हणाली, "आधी अंड्यांचा प्रोग्राम. मग फोटो. आणि त्या बाईंना टोपली खाली ठेवायला सांगा."

महाराजांनी नुसतं बघितलं. टोपली खाली आली.

सूर्याची शेवटची कोर उरली होती तेव्हा चारही अंडी यादीत चढली. टिटवी म्हणाली, "भाऊ, एक प्रत कप्प्यात ठेवा, एक समोर ठेवा, आणि एक कागदावर लिहून द्या."

पासवर्ड काय होता सांगू? टिटिवटिटिव. दिवसभर ती जंगलभर हेच ओरडत असते. पण कुणाला सुचला नाही, कारण ती ओरडायला लागली की सगळे कान बंद करून घेत.

तेव्हापासून फोटो बघायचा असला की महाराज टिटवीला बोलावतात. ती येते, पण रिकाम्या हाताने येत नाही, हुकूम घेऊन येते. पिल्लं झोपल्यावर डरकाळी फोडायची नाही. घोरपडबाईची बदली वारुळांच्या नोंदीवर. आणि सगळ्या जंगलाने पाय वर करून झोपायचं.

हत्ती कुरकुरला, "पाठ दुखते हो."

"आभाळ पडलं की जास्त दुखेल," टिटवी म्हणाली.

आता हत्तीही पाय वर करून झोपतो, सिंहही. आभाळ अजून पडलेलं नाही.

तात्पर्य : आपल्या फायलींची दुसरी प्रत काढून ठेवावी, हे तुम्हाला कुणीही सांगेल. ते ठीक आहे. पण जग पुसून पहिल्यापासून मांडायची वेळ येते, तेव्हा शूर जेवून झोपलेले असतात, शिकलेले न वाचता हो दाबत असतात, आणि मालक म्हणून नाव लागतं ते काळजीपोटी दारातून न हललेल्या बाईचं. तेव्हा आई उगाच घाबरते, असं पुन्हा म्हणू नका. दूध संपवा. पाय वर करा. झोपा.