गाडीखालचे दोन बोल्ट

माझं डोकं लवकर तापतं. हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर बायको सांगेल, आणि ती वाढवून सांगते.

आईचा एक डोळा कधीच गेला. उरलेल्यात मोतीबिंदू. मोठ्या दवाखान्यात तीन महिन्यांनी ऑपरेशनची तारीख मिळाली, गुरुवारी सकाळी अकराची. ती चुकली की परत तीन महिने. तोवर आईला ताटातलं तरी दिसलं असतं का, कोण जाणे. दवाखाना तीन तासांवर, मधे घाट. म्हणून सोमवारी गाडी मेकॅनिकला दाखवली.

त्यानं तेल मोजायची काडी बाहेर काढली. "ऑइलचं पार डांबर झालंय. यावर घाट चढू नका. ठेवून जा, शुक्रवारी देतो."

"मला गुरुवारी पहाटे पाहिजे."

"दोन गाड्या उघडून पडल्यात दादा, त्या कोण बघणार?"

"तेल बदलायला काय आठवडा लागतो? थट्टा लावलीय!"

"मग घरी बदला की."

"बदलतोच!"

(ऑपरेशनचं सांगितलं असतं, तर त्यानं तिथंच बदलून दिलं असतं. पण सांगायला आधी ओरडणं थांबवावं लागतं.)

मी सातवी शिकलेला माणूस. पण फोन आहे. फोनमधला एक जण नऊ मिनिटांत तेल बदलत होता. त्याचे हात स्वच्छ, शर्ट पांढरा. गाडी वेगळी होती, पण मी म्हटलं, गाडी ती गाडी. खालचा बोल्ट काढायचा, जुनं तेल सोडायचं, बोल्ट लावायचा, वरून नवं ओतायचं. एवढ्यासाठी लोक गॅरेजला जातात!

बुधवारी सकाळी नव्या तेलाचा डबा आणला, जॅक लावला, ओंडके घातले आणि गाडीखाली शिरलो. आई खुर्ची घेऊन शेजारी बसली. दिसत नव्हतं तिला, पण तिला सगळं कळायला लागतं.

बोल्ट दिसला. पाना लावला. हलेना. शिव्या दिल्या. हलला. तेल घमेल्यात पडायला लागलं.

"काळं आहे का रे?" आईनं विचारलं.

"कसलं काळं! मधासारखं आहे. बघ, मेकॅनिक कसा खोटं बोलतो ते!"

"वास वेगळाच येतोय."

"तेलाचा वास तेलासारखाच येणार."

आई म्हणाली, "मधासारखं आहे, तर बदलतोस कशाला?"

"आई, तू आत जा!"

आई आत गेली. भिंतीला हात लावत लावत गेली. ते आजही डोळ्यासमोर येतं.

बोल्ट घट्ट केला. वरून नवं तेल ओतलं, डबाभर. रात्री शांत झोपलो. मेकॅनिकच्या दारासमोरून ताठ मानेनं हॉर्न वाजवत जायचं, एवढंच मनात होतं.

गुरुवारी सातला निघालो. मागं आई, तिच्या मांडीवर पिशवी. पुढं बायको. गाडी सुरू केली, आणि मागून धुराचे लोट निघाले. शेजारी दार उघडून बघायला आले.

"अहो, हे काय?"

"नवं तेल आहे. बसेल जरा वेळानं."

पहिला गिअर टाकला तशी गाडी केकाटायला लागली. दुसऱ्याला जास्त. तिसरा पडेचना. आई म्हणाली, "अरे, तिला काहीतरी होतंय."

"तुम्ही दोघी गप्प बसा!"

दोघी गप्प बसल्या. गाडी मात्र ओरडत राहिली. कशीबशी वळणापर्यंत आली, घर्र करून तिनं अंग टाकलं, आणि उभी राहिली ती बरोबर मेकॅनिकच्या दारात. तो दात घासत बाहेर आला. तोंडात ब्रश तसाच.

"बंद करा! आधी बंद करा!"

चूळ भरून तो आला. काडी काढून बघितली. खाली वाकला, बोटं फिरवली, उठला. चिडला असता तर बरं वाटलं असतं, मलाही चिडता आलं असतं.

"गिअरचं तेल कुठंय?"

"कसलं गिअरचं तेल?"

"दादा, गाडीखाली दोन बोल्ट असतात. एक इंजिनचा, एक गिअरबॉक्सचा. तुम्ही गिअरबॉक्स कोरडा केला. आणि इंजिनमध्ये जुनं डांबर तसंच, वर तुमचं नवं."

मी गाडीकडे बघत राहिलो. साडेसात वाजत आले होते. मागच्या सीटवर आई पिशवी छातीशी धरून बसली होती. मग मला ते सांगावंच लागलं, हळू आवाजात. "आज तिच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. अकरा वाजता."

त्यानं मान वर केली. "सोमवारी का नाही बोललात?"

त्यानं खिशातून आपल्या गाडीची चावी काढली. मी हात पुढं केला. त्यानं माझ्या हाताकडे बघितलं आणि चावी बायकोपुढं धरली.

"वहिनी, गाडी येते का?"

"लग्नाआधीपासून येते. हे हात लावू देत नाहीत."

आम्ही आईला उतरवून त्याच्या गाडीत बसवलं. मी मागं, पिशवी धरून. निघता निघता विचारलं, "आमची गाडी कधी मिळेल?"

"शुक्रवारी. या नाही, पुढच्या."

बायकोनं घाट असा चढवला की आईला झोप लागली. अकराला दहा मिनिटं असताना दवाखान्यात होतो. ऑपरेशन नीट झालं. बाहेरच्या बाकावर मी दोन तास बसलो आणि कुणावर ओरडलो नाही. (कंपाउंडर दोनदा चुकीचं नाव पुकारून गेला, तरी.)

आठ दिवसांनी तपासणी. डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं दाखवली, आईनं खालची ओळसुद्धा घडाघडा वाचली. माझ्या डोळ्यात पाणी आलं. डॉक्टर म्हणाले, "छान. झालं तुमचं काम."

आई उठेना. "आता याचे तपासा."

"यांना काय त्रास आहे?"

"गाडीखाली दोन बोल्ट होते. याला एकच दिसला."

बायकोनं तोंडाला पदर लावला. मी नको नको म्हणेपर्यंत डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवलं. हा डोळा झाकला, तो डोळा झाकला, टॉर्च मारून आत बघितलं.

"दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. काही दोष नाही."

आईचा चेहरा उतरला.

"अरेरे," ती म्हणाली, "डोळ्याचं असतं तर ऑपरेशननं बरं झालं असतं."